रोखून धरलेली शेवंती

कंट्रोलर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी इमारतीत त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने कुणी ओळखत नव्हतं. बस डेपोतल्या काचेच्या खोलीत बसून गाड्या सोडणं हे त्यांचं काम होतं, आणि ते अंगात इतकं मुरलं होतं, की जिन्यात दोन माणसं समोरासमोर आली तर आधी कुणी जायचं हे ते हाताने दाखवत. माणसं निमूट जात. एकदा वरून कुणाचा तरी सोफा उतरत होता आणि खालून कुणाचा तरी फ्रिज चढत होता. कंट्रोलर जिन्याच्या वळणावर उभे राहिले आणि दोन्ही वस्तू एकमेकींना ओरखडाही न काढता आपापल्या घरी पोचल्या. निवृत्तीनंतरची ही त्यांची सर्वांत मोठी कामगिरी. ऐकायला बायको होती तोवर त्यांनी ती पुन्हा पुन्हा सांगितली. आता सांगण्याचा प्रश्न नव्हता.

बायको गेली आणि गच्चीवरच्या कुंड्या त्यांच्या अंगावर पडल्या. अंगावर पडल्या असंच म्हणायला हवं. वारसा वगैरे म्हणण्याइतकी त्यांची आणि झाडांची ओळख नव्हती. गच्चीबद्दल त्यांना एवढंच ठाऊक होतं, की हिला हाक मारायची तर घराबाहेर येऊन जिन्यात उभं राहून मारावी लागते.

तिच्यामागे त्यांनी झारी उचलली ती कर्तव्य म्हणून. वर जाऊन बघतात तर कोण कुठे उभं आहे याला काही धरबंध नव्हता. जुन्या बादल्या, रंगाचे डबे, एक फुटका टब, आणि त्यांत जागा मिळेल तिथे काहीही. टोमॅटोच्या पायाशी झेंडू, मुळ्याच्या टबात कोथिंबीर, पालकाच्या मधोमध एक ऍस्टर मान वर काढून उभा. पुदिना तर तिकीट न काढता सगळीकडे शिरला होता. कंट्रोलरांनी डेपो मार्गी लावला. भाज्या एका कठड्याला, फुलं समोरच्या कठड्याला, वासाची झाडं पाण्याच्या टाकीजवळ, आणि मधून माणूस नीट जाईल एवढी वाट. झेंडूपासून तोडल्याबरोबर टोमॅटोवर मावा पडला. या दोन गोष्टींचा संबंध असू शकतो हे त्यांच्या मनात आलं नाही. त्यांनी तो शिस्तभंग मानला आणि पानं साबणाच्या पाण्याने धुऊन काढली.

शेवंतीच्या कुंड्या मात्र त्यांनी हलवल्या नाहीत. जिन्याचं दार उघडलं की समोर त्याच दिसत, आणि बायकोने त्या तिथे का ठेवल्या असतील हे त्यांच्यासारख्या माणसालाही कळण्यासारखं होतं.

खाली घरात दोन खोल्या. रेडिओ लावला की आवाज येई, बंद केला की जाई. याशिवाय आवाजाचं दुसरं साधन म्हणजे रविवारचा छोटीचा फोन.

छोटी म्हणजे त्यांची मुलगी. तिच्याआधी मोठी मुलगी कधी झालीच नव्हती, तरी ही जन्मापासून छोटी, आणि आता केसांत पांढरी बट आली तरी छोटीच. ती विमानाने जावं लागतं अशा शहरात पूल बांधणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होती. आईला ती 'तू' म्हणे आणि बापाला 'तुम्ही'. आई होती तेव्हा मायलेकींचा फोन भांडी घासून, ओटा पुसून, कपडे घड्या करून होईपर्यंत चाले, आणि त्यातला कंट्रोलरांचा वाटा म्हणजे शेवटी, 'बाबा बरे आहेत ना?' तोही बायकोमार्फत. आता मधला माणूस गेल्यामुळे दोघांना थेट बोलावं लागे, आणि त्याची सवय दोघांनाही नव्हती.

"बाबा, जेवलात?"

"हो."

"काय केलं होतं?"

"भाजी."

"कसली?"

"गच्चीतली."

"बरं. पाऊस आहे?"

"आहे. वेळेवर आहे."

अशाच एका रविवारी, बोलण्यासारखं सगळं संपल्यावर, छोटी म्हणाली, "आईची शेवंती कधी बघितलीच नाही मी. ती दर वर्षी बोलवायची आणि माझं दर वर्षी काहीतरी निघायचं. यंदा थंडीला येते. फुलं असतील तेव्हा."

लोक फोन ठेवताना असं काहीतरी बोलतात. ते मनापासून बोलतात, पण ते धरून कुणी बसत नाही. कंट्रोलरांच्या दृष्टीने मात्र गाडी जाहीर झाली होती. त्यांना 'ये' म्हणायचं होतं. पण गाड्या सोडण्याच्या नोकरीत कुणाला 'ये' म्हणण्याचा प्रसंग येत नाही. तिथे जे काही सांगायचं ते सुटण्याबद्दल. त्यामुळे तोंडातून निघालं ते दुसरंच.

"तुझ्या सोयीने."

दुसऱ्या दिवशी ते पेट्रोल पंपामागच्या रोपवाटिकेत गेले.

"सगळं एकदम पाहिजे," त्यांनी रोपवाल्याला सांगितलं. "टोमॅटो लाल, घेवडा कोवळा, कोथिंबीर हिरवी. ऍस्टर, झेंडू आणि शेवंती फुललेली. थंडी पडली की लगेच."

"काका, घरात लग्न आहे का?"

"मुलगी येतेय."

"मग आली की जे असेल ते दाखवा."

"तसं चालत नाही."

"झाडांचं तसंच चालतं, काका."

"एखादी आधीच तयार झाली तर थांबवायची कशी?"

"एखादी कोण?"

"शेवंती."

"शेंडा खुडायचा. खुडला की झाड भरतं आणि फूल जरा पुढे जातं. पण एकदा पाऊस सरला की..." एवढ्यात एक बाई मेलेला गुलाब कुंडीसकट परत करायला आल्या आणि रोपवाल्याचं उरलेलं वाक्य त्या भांडणात गेलं. बाईंचं म्हणणं होतं की गुलाब विकला तेव्हाच त्याचा चेहरा उतरलेला होता. कंट्रोलर थोडा वेळ थांबले, मग निघाले. त्यांना पाहिजे तेवढं मिळालं होतं. खुडलं की पुढे जातं.

त्या पावसाळ्यात ते कामावर रुजू झाले असंच म्हणायला हवं. छोटी यायची वेळ धरून त्यांनी उलटी आखणी केली. टोमॅटो वाटेत रेंगाळतो, म्हणून तो सगळ्यांत आधी. मग घेवडा, मग ऍस्टर. कोथिंबीर ही जलद गाडी, ती अगदी शेवटी. कागदावर त्यांनी काही उतरवलं नाही. गाड्या त्यांना नेहमीच तोंडपाठ असत. सकाळी उठल्यावर जिना चढायला कारण झालं. रोपांची विरळणी करताना ते उपटलेल्यांना "पुढच्या गाडीने" असं पुटपुटत. पुढची गाडी नव्हती, पण प्रवाशांना ते तोंडावर सांगत नाहीत.

थंडीची चाहूल लागली. शेवंतीच्या फांदीफांदीच्या टोकाला हिरव्या, घट्ट कळ्या धरल्या. त्याच रविवारी छोटी म्हणाली, "बाबा, आमची तपासणी पुढे आलीय. आता काही दिवस मला हलता नाही येणार. महिन्याभराने आले तर चालेल?"

"चालेल. तुझ्या सोयीने."

फोन ठेवून ते वर गेले आणि कळ्या खुडायला लागले. नखाने दाबलं की कट् असा बारीक आवाज येई आणि बोटांना कडवट वास लागे. त्यांना ते आवडलं असं नाही. भरलेली गाडी रोखून धरणं डेपोतही त्यांना आवडत नसे. पण तिथे निदान आतले लोक खिडकीतून डोकं काढून उद्धार करत. इथे कुणीच काही बोललं नाही.

भाज्यांना थांबवायची सोय नव्हती. टोमॅटो ठरल्या वेळी लाल झाले. घेवडा तोडला नाही तर जून होतो, आणि तोडला तर खाणार कोण. कोथिंबीर पांढऱ्या फुलावर गेली. एवढे पाहुणे वेळेवर हजर, आणि ज्या एकीसाठी बोलावले तिचाच पत्ता नाही. कंट्रोलर ओट्याशी उभे राहून टोमॅटो मीठ लावून खात. बसून खायला ताट घ्यावं लागतं.

उरलेला घेवडा त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या टेलरबाईंना दिला. टेलरबाई कपडे शिवत, आणि कापड असो की माणूस, उलटं करून बघितल्याशिवाय विश्वास ठेवत नसत. कंट्रोलरांच्या बायकोशी त्यांची दाट मैत्री होती. त्या नात्याने ती वहिनी आणि हे भाऊ. एका सकाळी त्या गच्चीवर कपडे वाळत घालायला आल्या आणि शेवंतीसमोर उभ्या राहिल्या.

"भाऊ, ही बोडकी कशी? माझ्याकडची बघा, वहिनींनी दिलेली ह्याच झाडाची फांदी. तेलाच्या डब्यात लावलीय तरी खिडकीतून फुलं बाहेर पडतायत."

"थांबवलीय."

"काय थांबवलंय?"

"छोटी महिन्याने येणार आहे. म्हणून कळ्या खुडल्या. म्हणजे फुलं पुढे जातात."

बाईंच्या हातातला ओला टॉवेल हातातच राहिला. "तुम्ही झाडाला काय सांगितलंत? ड्रायव्हर जेवायला गेलाय?"

"शास्त्रीय आहे ते. खुडतात."

"वहिनी शेंडे खुडायच्या. भर पावसात. कळी आल्यावर त्यांनी कुणाला हात लावू दिला नसता. आणि ती नाही आली तर?"

"येणार आहे."

"नाही आली तर, म्हणते मी."

"पुढची वेळ देईल."

"छोटीला माहीत आहे का, तिच्या नावाने इथे काय चाललंय ते?"

"तिला कशाला त्रास."

"त्रास! एक फोन करा. म्हणावं, झाड वाट बघतंय."

"झाड वाट बघत नाही."

"मग जो बघतोय त्याचं नाव सांगा," असं म्हणून बाईंनी टॉवेल झटकला. कंट्रोलर टाकीच्या नळाकडे वळले. डेपोतल्या गोंगाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांना एक सोय होती. नको असलेलं ऐकू येत नसे.

महिन्याने छोटीचं पुन्हा पुढे गेलं. शेवंतीने खालच्या फांद्यांवर नव्या कळ्या धरल्या होत्या, पहिल्यांपेक्षा बारीक. कंट्रोलरांनी त्याही खुडल्या. तिसऱ्या खेपेला तर छोटीने तारीखही दिली नाही, "कळवते बाबा," एवढंच म्हणाली. तरी ते खुडत राहिले, कारण आता सोडल्या आणि नेमकी ती आली तर? अशी गाडी त्यांनी आयुष्यात चुकू दिली नव्हती.

मग थंडी उतरली, दिवस मोठा झाला, आणि एका सकाळी खुडायला काही राहिलं नाही. त्यांनी दोन आठवडे वाट पाहिली. झाडं तजेलदार होती, पानं हिरवीगार, उंचीही वाढत होती. फक्त टोकाला पानच येई. इशारा हिरवा, रस्ता मोकळा, आणि गाडी जागची हलत नव्हती.

रोपवाला म्हणाला, "आता कुठली कळी? रात्र मोठी असते तेव्हाच ती कळी धरते. आता पुढच्या थंडीला. बोललो होतो की, पाऊस सरला की हात लावू नका."

"ते गुलाबात गेलं," कंट्रोलर म्हणाले.

रोपवाल्याला तो गुलाब आठवला आणि त्याने विषय बदलला.

छोटी आली ती उन्हाळ्यात. आदल्या संध्याकाळी फोन केला, की कामाने जवळ आलेय, उद्याची सकाळ मोकळी आहे, दुपारी निघेन. कंट्रोलरांनी बरं म्हटलं आणि चपला घालून थेट रोपवाटिका गाठली. डेपोत तपासणीच्या दिवशी शेजारच्या डेपोतून धुतलेल्या गाड्या आणून ओळीने उभ्या करत. पाहुणे खूश, साहेब खूश, संध्याकाळी गाड्या परत. ते झिनियाच्या कुंड्यांसमोर उभे राहिले. लाल होत्या, केशरी होत्या, उन्हाळा असून टवटवीत होत्या. त्यांनी एक उचलली. पाटी बदलून दुसऱ्याची गाडी आपल्या मार्गावर दाखवता येते, हे त्यांनी अनेकदा केलं होतं. पण त्या जागेवर, जिन्याच्या दारासमोर, त्यांना ते करवेना. त्यांनी कुंडी खाली ठेवली आणि रिकाम्या हाताने घरी आले.

छोटी आली, घरभर फिरली, आईच्या खुर्चीवर न बसता बाजूच्या स्टुलावर बसली, आणि मग म्हणाली, "गच्ची दाखवा."

वर गेल्यावर ती कुंड्यांमधून एक फेरी मारून आली. भेंडी होती, काकडीचा वेल टीव्हीच्या डिशच्या सळ्यांवर चढला होता, टाकीजवळ पुदिना माजला होता.

"हे सगळं तुम्ही?"

"झाडं करतात. मी पाणी सोडतो."

"आणि शेवंती ही? काय उंच झालीय. थंडीत फुलली असेल ना मस्त?"

'हो' म्हणायला काहीच लागत नव्हतं.

"नाही," कंट्रोलर म्हणाले. "फुलणार होती. रोखून धरली."

"म्हणजे?"

"तू पुढे ढकललंस की कळ्या खुडायचो. मग नव्या यायच्या. मग परत."

पुलाच्या कामातल्या माणसांना बोलण्याआधी भार मोजायची सवय असते. छोटीने कुंडीकडे पाहिलं, मग त्यांच्या बोटांकडे.

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

"आणि मला म्हणायचात, तुझ्या सोयीने."

"सोय तर बघायला हवी. तुझं काम..."

"माझी सोय कुणी विचारली होती बाबा? आई म्हणायची, काय मेलं ते पूल-पूल करतेस, ये इकडे. मी नाही यायचे. भांडायचे सुद्धा. पण फोन ठेवल्यावर माहीत असायचं."

"काय?"

"की कुणीतरी बोलावतंय. तुमचा फोन ठेवल्यावर वाटतं, मी आले काय, नाही आले काय."

कंट्रोलरांनी झारीत पाणी आहे का बघितलं. होतं. त्यांनी ती तशीच उचलली आणि पाणी घातलेल्या भेंडीला पुन्हा पाणी घातलं. छोटीने वेलावरची एक काकडी तोडली, ओढणीला पुसली आणि तिथेच दाताने तोडून खाल्ली.

"आईच्या कडू निघायच्या," ती म्हणाली.

"याही निघतात."

"ही निघालीय," छोटी म्हणाली आणि पूर्ण संपवली.

दुपारी टॅक्सी आली. जिन्यात खालून कुणी सायकल घेऊन चढत होतं. कंट्रोलरांनी हाताने सायकलवाल्याला थांबवलं आणि मुलीला आधी जाऊ दिलं. या कामात ते अजूनही चोख होते.

पुढच्या पावसात त्यांनी शेवंतीचे शेंडे खुडले, आणि पाऊस सरल्यावर हात मागे घेतला. वर्षातलं सगळ्यांत अवघड काम ते. कळ्या धरल्या तेव्हा ते रोज सकाळी कुंडीसमोर पाठीमागे हात बांधून उभे राहत, जसा एखादा साहेब दुसऱ्याचं काम बघायला येतो. करण्यासारखं काही नव्हतं. तेवढ्या वेळेपुरती गच्ची खालच्या दोन खोल्यांपेक्षाही रिकामी वाटे.

आणि मग एका दिवशी, रविवार नसताना, त्यांनी फोन उचलला.

"बाबा?" छोटीचा आवाज एकदम वर गेला. "काय झालं? बरे आहात ना?"

"बरा आहे. शेवंतीला कळ्या आल्यात. ये."

पलीकडे कुठलंतरी यंत्र धडधडत होतं. ते थांबलं, की छोटी बाजूला गेली, ते कळलं नाही.

"बाबा, या महिन्यात पुलाचा शेवटचा गाळा बसवायचाय, मी खरंच..."

"ऐकलं. तरी ये."

"आणि नाही जमलं तर? खुडणार?"

"नाही. फुलतील."

"मग?"

"मग सुकतील. तू ये."

ती "बघते काय होतं" म्हणाली. कंट्रोलरांनी फोन ठेवला आणि थोडा वेळ फोनजवळच बसले. घोषणा केल्यावर माणूस माइककडे बघतो तसं.

फुलं आली. पिवळी, गच्च, एकावर एक. जिन्याचं दार उघडलं की दुसरं काही दिसेना. छोटी आली नाही. त्यांनी फोन केला, "अर्धी फुललीत. ये." मग, "सगळी फुललीत. ये." पूल त्यांना आडवा आला. मग एक दिवस, "कडेची तपकिरी व्हायला लागलीत. ये." छोटी या फोनवर हसली आणि म्हणाली, "बाबा, रोज करणार आहात का फोन?"

"वेळापत्रकात बसवलाय," ते म्हणाले.

टेलरबाई कपडे वाळत घालायला आल्या तेव्हा फुलं माना टाकायला लागली होती. कंट्रोलर कुंडीशेजारी स्टूल टाकून बसले होते. सुकलेलं एकही फूल त्यांनी काढलं नव्हतं. बाईंनी झाडाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि बादली खाली ठेवली.

"आली नाही ना?"

"नाही."

"मग काय उपयोग झाला, भाऊ?"

"बोलावलं," कंट्रोलर म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "उद्या परत बोलावतो."